कप्तानांचं फावडं

हॅम्बर्गच्या त्या घरात होते तोवर मी घरी कधी इंग्रजी बोलले नाही. नवऱ्याशी फोनवर मराठी, ऑफिसात लागेल तेवढं इंग्रजी, आणि जिन्यात पाऊल टाकलं की जर्मन, तेही तोडकंमोडकं, अडखळत. कारण खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे आणि घरमालकांचं इंग्रजांशी भांडण होतं.

भांडण अडीचशे वर्षांचं होतं. "आम्हीही इंग्रजांशी भांडलोय की," असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "मग तुम्ही त्यांची भाषा का बोलता?" आता दिवसभर राबून आलेल्या बाईनं जिन्यात उभं राहून याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "पोटासाठी." ते मात्र त्यांना पटलं.

आम्ही त्यांना कप्तान म्हणायचो. आयुष्यभर बंदरात फेरीबोट चालवलेला माणूस. फेरीबोटवाल्याला कप्तान म्हणतात की नाही देव जाणे, पण डोक्यावर टोपी होती, आवाज होता आणि घर बोटीसारखं चालवायची हौस होती. सकाळी कचऱ्याचे डबे तपासायचे. कागदाच्या डब्यात माझ्या चहाच्या पुडीची चांदी सापडली की ती धुऊन, पुसून, माझ्या दाराशी आणून ठेवायचे. चिठ्ठी नाही, बोलणं नाही. नुसती चांदी. असा राग यायचा ना मला! पण चहाची ती पुडी आपल्याकडची, इंग्रजी नाही, एवढी खात्री त्यांनी आधी करून घेतली होती म्हणून बरं.

मी तेव्हा विमानांच्या आतल्या भागाचं डिझाइन करायची. नातेवाइकांना सांगायला झोकात होतं, पोरगी जर्मनीत विमानं बनवते. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला संडासाचं दार आलं होतं. ते कमी जागेत दुमडायचं कसं, याची चित्रं काढण्यात माझी हॅम्बर्गमधली वर्षं गेली. नवरा लांब येना नावाच्या गावी, भिंगांच्या संशोधनात. एका शनिवारी तो यायचा, एका शनिवारी मी जायची, आणि रविवारी संध्याकाळी कुठल्यातरी फलाटावर दोघंही दमलेले, बोलायचं काही उरलेलं नाही. कप्तानांची मला आठवण येते ती या दमणुकीसकट येते. त्यांच्याकडे मी कधी ताजीतवानी होऊन गेलेच नाही.

ज्या रविवारी येनाला जाणं नसे, त्या दुपारी खालून हाक यायची. केक असायचा. कडेला सफरचंदाच्या फोडी, आणि प्रत्येक फोड कुठल्या झाडाची ते सांगितल्याशिवाय खायला मिळायची नाही. उठायला गेलं की म्हणायचे, "बसा. बोट अजून लागली नाही." त्यांचं बोलणं संपलं की बोट लागायची, तोवर काठावरच्यांनी हलायचं नाही.

आणि बोलणं एकच. मूळपुरुष.

त्यांचा मूळपुरुष हा अकेडियन. मला हा शब्द कप्तानांमुळे कळला. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आता ज्याला नोव्हा स्कोशिया म्हणतात तिथे, फ्रेंच शेतकऱ्यांची वस्ती होती. समुद्राची भरती जमिनीवर चढायची. या लोकांनी मातीचे बांध घालून समुद्र बाहेर ठेवला आणि आतल्या खाऱ्या दलदलीची शेतं केली. पुढे इंग्रजांना त्यांच्या निष्ठेचा संशय आला. घरं जाळली, माणसं जहाजांत कोंबली आणि वाटेल तिथे नेऊन सोडली. कप्तानांचा मूळपुरुष एका जहाजात, त्याची बायको दुसऱ्यात. ती पुन्हा दिसली नाही. तो इंग्लंडात सडला, मग फ्रान्सच्या किनाऱ्यावर फिरला आणि शेवटी एल्बे नदीच्या काठी येऊन पोचला, कारण इथेही बांध होते आणि बांधावर राबणारे हात लागत होते.

"आणि येताना सोबत काय आणलं?" कप्तान विचारायचे. उत्तर मला पाठ होतं, तरी विचारायचे.

"फावडं," मी म्हणायची.

"गेनाऊ! अगदी बरोबर!"

ते फावडं जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर होतं. आपल्याकडच्यासारखं वाकड्या मानेचं नव्हे, सरळ दांड्याचं, लांब अरुंद पात्याचं. दांड्यावर डाग देऊन एक खूण उठवलेली होती, अर्धवट वर्तुळ आणि त्याखाली एक रेघ. कप्तानांच्या मते ते जहाज होतं. ज्या जहाजात कोंबलं, त्याची आठवण म्हणून मूळपुरुषानं स्वतः डागलेलं. कोणीही पाहुणा आला, अगदी हीटरवाला आला तरी, त्याला आधी फावड्यापुढे उभं करायचे. "हे समुद्र ओलांडून आलंय," म्हणायचे. हीटरवाला बिचारा टोपी काढायचा.

जिन्यात त्यांच्या दाराशी एक बॅग भरून ठेवलेली असायची. मोजे, टोस्ट, जादा चष्मा, एक लोकरी पांघरूण. मूळपुरुषाला बॅग भरायला वेळ दिला नव्हता, म्हणून त्यांच्या घराण्यात बॅग भरलेलीच असते. टोस्ट दर हिवाळ्यात बदलायचे, जुने मला द्यायचे. सकाळी अंधारात ऑफिसला निघताना मी त्या बॅगेला न चुकता अडखळायची आणि मराठीत जे काय तोंडात येईल ते बोलायची. कप्तान आतून विचारायचे, "हे इंग्रजी नव्हतं ना?"

भिंतीवर पुठ्ठ्याच्या कागदाचा मोठा तक्ता होता. त्यावर त्यांचं सगळं कूळ, फांद्याच फांद्या. मी राहायला आल्यावर त्यांनी कोपऱ्यात पेन्सिलीनं माझीही एक फांदी सुरू केली. मी, वर बाबा, वर आजोबा.

"पुढे?"

"पुढे नाही."

"असं कसं? प्रत्येकाला असतं."

"असतं हो. कोणी लिहून ठेवलेलं नसतं."

"मग शोधा. तुमच्या गावात विचारा."

"केक छान झालाय," मी म्हणायची. दर रविवारी हेच. मला सांगायचंच नव्हतं. आपण दमलेलो असताना आपल्या आजोबांची गोष्ट कोणाला केकबरोबर वाढू नये, असं माझं तेव्हा मत होतं. आताही आहे.

कप्तानांना मूल नव्हतं. बायको आधीच गेलेली. ब्रेमेनला एक पुतण्या होता, तो नाताळात फोन करायचा. या माणसाच्या आयुष्यात आता एकच गोष्ट करायची राहिली होती. ते फावडं कॅनडाला परत न्यायचं आणि मूळपुरुषाच्या गावच्या जुन्या बांधात रोवून यायचं. "त्याला परत जायचं होतं," ते म्हणायचे. "तो गेला नाही. बाप गेला नाही. मी जाणार." छातीत बारीक दुखायचं त्यांच्या, डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं होतं. त्यांनी तिकीट काढलं आणि मग डॉक्टर बदलला.

आणि मग माझ्यामागे लागले. का, तर मी विमानं बनवते.

"फावडं हातात घेऊन बसू देतील का?"

"नाही देणार. खाली सामानात टाका."

"मूळपुरुषाला सामानात?"

"अहो, माणसाला नाही, फावड्याला."

"जहाजातही त्याला खालीच कोंबलं होतं," ते म्हणाले, आणि डोळे भरून आले. आता यांच्यापुढे काय बोलायचं? दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात खरंच एकाला विचारलं, की लांब दांड्याची वस्तू केबिनमध्ये कुठे ठेवता येईल. तो म्हणाला, "संडासात." त्यावरून महिनाभर चेष्टा झाली माझी.

निघायच्या आधी कप्तानांना त्यांच्या थोरल्या बहिणीला भेटायचं होतं. ती नदीच्या वरच्या अंगाला वृद्धाश्रमात राहायची. कप्तानांचं गाडी चालवणं बंद केलेलं, म्हणून मी घेऊन गेले. ऑफिसातल्या मैत्रिणीची गाडी मागून आणली होती. फावडंही बरोबर, बहिणीला निरोपाचं दाखवायला. पात्याला टॉवेल गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं आणि कप्तानांनी त्याला पट्टा लावला.

बहीण खिडकीशी बसली होती. कानानं थोडी कमी, जिभेनं अजिबात नाही. कप्तानांनी फावडं तिच्या मांडीवर आडवं ठेवलं, पुढचा सगळा बेत सांगितला. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे घेऊन निघालायस होय तू? अरे, हे आपलं नाहीच मुळी."

कप्तान हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "वय झालंय."

"वय झालं असेल. तू ती पेटी बघ."

खिडकीखाली एक जुनी लाकडी पेटी होती, त्यांच्या घरातलीच. तिच्यावर मेणबत्त्या, नातवंडांचे फोटो. बाईंनी मला फोटो उचलायला लावले. झाकणावर खूण डागलेली होती. एक उभी रेघ आणि तिच्यावर दोन आडव्या. मला काही कळेना, तेव्हा बाईंनीच सांगितलं. नदीकाठच्या त्या गावांत प्रत्येक घराची एक खूण असायची. अवजारांवर, पेट्यांवर, चर्चमधल्या बाकावर तीच. दोन आडव्या रेघा म्हणजे यांचं घर. अर्धं वर्तुळ म्हणजे दुसरं कोणाचंतरी.

कप्तान पेटीकडे बघत उभे राहिले. त्या पेटीवर बसून ते लहानपणी बूट घालत असत, हे त्यांनीच मला कितीदा सांगितलं होतं.

"तो रिकाम्या हातानं आला," बहीण म्हणाली. "जहाजात फावडं कोण घेऊ देतो? आपल्या बांधावर मजुरी करत होता. पुरात एकाचा भाग फुटला. ज्याचा भाग त्यानं बांधायचा, हा नियम. त्याची ताकद संपली होती. मग त्यानं काय करायचं, तुला माहितेय."

कप्तानांना माहीत होतं. मला नव्हतं, म्हणून बाईंनी माझ्याकडे बघून सांगितलं. ज्याला आपला भाग राखणं झेपत नाही, त्यानं आपलं फावडं बांधात रोवायचं आणि बायकापोरं घेऊन निघून जायचं. जो कोणी ते उपसेल, त्याचं ते घर, त्याची ती जमीन आणि बांधाचं कामही त्याचंच. कायदाच होता तसा.

"लोक बघत उभे होते, कोणी पुढे होईना. त्या माणसाची बायको अजून गाडीत सामान चढवत होती. तिच्यादेखत आपल्या मूळपुरुषानं उपसलं."

"बाबा असं कधी म्हणाले नाहीत," कप्तान म्हणाले.

"मला म्हणाले. तुला सांगू नको म्हणाले, तो रडेल."

कप्तान रडले नाहीत. बहिणीनं पुढे केलेला केक तसाच होता, बहिणीचं बोलणं अजून चालू होतं, आणि ते उठले. बोट लागायच्या आधी ते उठले, असं मी पहिल्यांदा पाहिलं. परतताना ते पुढे बसले नाहीत. मागे, फावड्याशेजारी बसले. पट्टा लावायचं मात्र विसरले, तो मी लावला, दोघांनाही.

तिकीट रद्द झालं. रविवारची हाक बंद झाली. हीटरवाला आला नि गेला, त्याला काही दाखवलं नाही. मला वाटलं, चला, सुटले मी, निदान झोप तरी मिळेल. पण खाली इतकं शांत झालं की मला झोप लागेना. जिन्यात भेटले तर म्हणायचे, "ती कुठे गेली असेल?"

"कोण?"

"ती गाडीतली बाई."

नंतर कळलं, ते आता त्या दुसऱ्या घराच्या मागे लागले होते. नदीकाठच्या चर्चमध्ये जाऊन आले, गावच्या म्हाताऱ्यांना भेटून आले. अर्ध्या वर्तुळाचं घर कोणाच्याच आठवणीत नव्हतं. राहिलेल्यांची नावं राहतात. गेलेल्यांची कोण ठेवतो?

नोव्हेंबरातल्या एका रविवारी पुन्हा हाक आली. केक नव्हता. टोपी घालून, फावडं हातात घेऊन दारात उभे. "मला बांधावर सोडाल का?"

मी आदल्याच दिवशी येनाहून भांडून परत आले होते. अंग मोडून आलं होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. दांड्यावरची खूण त्यांनी अंगठ्याखाली झाकून धरली होती. मी गाडी मागायला गेले.

बांधावर मेंढ्या चरत होत्या. भुरभुर पाऊस. तिथे खणायला सक्त मनाई, तशी पाटीही होती. रोज सकाळी माझ्या कचऱ्यातली चांदी वेचणारा हा माणूस त्या पाटीसमोरून वर चढला आणि त्यानं फावडं पायानं दाबून बांधात रोवलं. मग चार पावलं मागे येऊन उभा राहिला.

"आता?" मी विचारलं.

"आता थांबायचं."

कुत्रा घेऊन एक बाई गेली. "इथे असं चालत नाही हं, बांध आहे हा," म्हणाली आणि गेली. आम्ही थांबलो. माझे बूट ओले झाले. कोण येणार होतं? आणि आलं असतं तरी त्याला काय कळणार होतं? शेवटी कप्तान माझ्याकडे वळले. अगदी मनापासून म्हणाले, "तुम्ही उपसा. तुमच्या फांदीवर पुढे काहीच नाही. तुम्ही घ्या, मी मोकळा होईन."

आणि माझं डोकं फिरलं.

"मी? मी उपसू?" मी ओरडलेच. "कप्तान, मी त्या गाडीतल्या बाईची आहे! कळलं का? आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि गावकीची कामं सोडली. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणाले. गावानं पाणी तोडलं, वाट तोडली. नदीकडेला आमची वतनाची पट्टी होती, ती टाकून पोरं घेऊन मनमाडला आले, रेल्वेत हमाली केली. ती पट्टी दुसऱ्या दिवशी कोणीतरी नांगरली असणार. तुम्ही मला म्हणता, गावात जाऊन विचारा. कोणाला विचारू? जो नांगरतोय त्याला?"

हे सगळं मी कुठल्या भाषेत बोलले, मला आठवत नाही. थोडं जर्मन असेल, बरंचसं मराठी, मधे इंग्रजीही. त्यांनी इंग्रजीला हरकत घेतली नाही. टोपी काढली आणि पावसात तसेच उभे राहिले.

मग ते चढून वर गेले. ओल्या चिकणमातीनं पातं धरून ठेवलं होतं. मला वाटलं, यांच्या छातीत आता काहीतरी होणार. मी धावले, पण त्यांनी हातानं लांब राहायला सांगितलं. तिसऱ्या हिसक्याला ते निघालं.

"दुसऱ्यांदा," ते म्हणाले.

फावडं बाजूला ठेवून ते गुडघ्यावर बसले आणि झालेलं भोक हातानं बुजवू लागले. माती दाबली, वर गवताचं ढेकूळ बसवलं, ते बुटानं नाही, तळहातानं थोपटलं. बांधाला भोक ठेवायचं नसतं, म्हणाले. त्यांना उठवायला मात्र मला हात द्यावा लागला.

त्या संध्याकाळी मी कॉलिंग कार्ड घासून बाबांना फोन लावला. जय भीम, कशी आहेस, बरी आहे. मग विचारलं, "बाबा, आपल्या पट्टीवर आता कोण आहे?"

 बाबा म्हणाले, "पट्टीचं सोड. पेरणीची पाभर राहिली तिथं. बाभळीची होती, तुझ्या आजोबांनी स्वतः करून घेतलेली. गाडीत चढवू देईनात, म्हणून शेजारच्याच्या गोठ्यात ठेवली. येऊन नेतो म्हणाले होते."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं त्यात," बाबा म्हणाले. "झोप आता. दमलेली वाटतेस."

फावडं पुन्हा भिंतीवर गेलं. कप्तान पुन्हा पाहुण्यांना त्याच्यापुढे उभं करू लागले. पण वाक्य बदललं होतं. "हे आमचं नाही," म्हणायचे. "ज्यांचं आहे ते यायचेत." हीटरवाल्यानं विचारलं, कधी? कप्तान म्हणाले, "ते मी कोण सांगणार?" माझ्या पेन्सिलीच्या फांदीवर, आजोबांच्या वर, त्यांनी एक लहानशी आडवी रेघ काढून ठेवली होती. विचारलं तर म्हणाले, जागा ठेवलीय.

दोन हिवाळे गेले आणि एका सकाळी मी बॅगेला अडखळून नेहमीसारखी ओरडले, तर आतून काही विचारणा झाली नाही.

पुतण्या ब्रेमेनहून आला. भला माणूस, पण त्याला घाई होती. घर विकायचं होतं. मला कार्ल्सरूहेला नोकरी लागली होती, माझेही खोके भरून झाले होते. एक दिवस ऑफिसातून आले तर फुटपाथवर ढीग. जुनं सामान रस्त्याच्या कडेला काढून ठेवायची तिकडे पद्धत आहे, श्पेरम्युल म्हणतात. नगरपालिकेची गाडी यायच्या आत ज्याला जे हवं त्यानं उचलावं, कोणी विचारत नाही. खुर्च्या, दिवा, ती बॅग, टोस्टसकट. आणि गादीच्या गुंडाळीत उभं खोचलेलं फावडं.

लोक येत होते, बघत होते. एकानं दिवा नेला. एका माणसानं फावड्याला हात घातला, दांडा हलवून पाहिला. मी उभीच. बांधावर मी ज्या तावात बोलले होते, ते सगळं मला आठवत होतं.

"ते माझं आहे," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला आणि हात काढला. मी ते उपसलं आणि वर नेलं.

आता ते कार्ल्सरूहेत आमच्या दिवाणखान्यात आहे. भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही म्हणून कोपऱ्यात उभं असतं. मुलगी तिच्या मैत्रिणींना जर्मनमध्ये सांगते, आईचं फावडं. मी तिथल्या तिथे दुरुस्त करते, आपलं नाही गं ते, ज्यांचं आहे ते यायचेत. पोरी एकमेकींकडे बघतात. मलाही माहितेय, कोणी येणार नाहीये. पण पुसते, पात्याला तेल लावते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगते.

बाबा फोनवर विचारतात, "ते फावडं आहे का गं अजून?"

"आहे."

"नीट ठेव."

"ठेवलंय, बाबा."

 पाभरीचा विषय दोघांपैकी कोणीच काढत नाही.